तारांजवळ राहता? मग झोपता कशावर?

४ जून

प्रिय व्याही यांस,
सप्रेम नमस्कार.

बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचं आमच्या चिरंजिवांकडून दर सोमवारी कळतं. तो शनिवारी आपल्याकडे येतो, रविवारभर लेकीला खेळवतो आणि सोमवारी इथे परतला की "छान आहे" एवढीच साक्ष देतो. मी कोर्टात उभी हयात कारकुनी केली, पण इतका त्रोटक साक्षीदार पाहिला नाही. नाक कुणावर गेलंय, हसते की नुसती बघते, काहीही विचारा, उत्तर एकच: "छान आहे."

बाळंतपणाचा दवाखाना आपल्या दारासमोर, म्हणून सूनबाईला तिकडे पाठवायचं ठरलं. ते योग्यच झालं. पण दवाखान्याचं काम संपून आता चार महिने होत आले. इथे पाळण्याला मी स्वतः पांढरा रंग दिला आहे. पहिला हात हिला पसंत पडला नाही, म्हणून दुसरा दिला. खिडकीला जाड पडदा लागला. माझी पुस्तकं माळ्यावर गेली आणि त्यांच्या जागी कपाटात दुपट्यांच्या घड्या बसल्या. घरात सगळं आहे, फक्त जिच्यासाठी आहे ती नाही.

तरी या महिनाअखेर आम्ही दोघं न्यायला येतो. सोयीचा दिवस कळवावा. फोनवरच विचारलं असतं, पण नात झाल्यापासून आपण फोन उचलायचंच सोडलं आहे, म्हणून पत्र.

आपला,
नातीचा आजोबा

११ जून

व्याहीबुवा, नमस्कार.

पत्र मिळालं. अक्षर काय आहे हो तुमचं! आमच्या दुकानात एकाचं जरी असं असतं, तरी पावत्यांवरून निम्मी भांडणं कमी झाली असती.

फोनचं म्हणाल तर लहान जिवाजवळ फोनच्या लहरी नकोत, म्हणून तो मी दुकानात गल्ल्यात कोंडून ठेवतो. उशी मजेत आहे. नाव ठरेपर्यंत मी तिला उशी म्हणतो. तेवढीच आहे, तशीच मऊ आहे, आणि मांडीवर घेतली की तिच्याआधी मलाच झोप लागते.

आता मुद्द्याचं. आमचा धंदा तुम्हांला ठाऊक आहे. गादी विकायची तर गिऱ्हाइकाला आधी तिच्यावर आडवं करावं लागतं. आणि माणूस एकदा आडवा झाला, की छताकडे बघत पोटातलं सगळं बोलतो. बायकोला न सांगितलेलं, डॉक्टरला न सांगितलेलं, सगळं मला सांगतो. मी खुर्ची ओढून शेजारी बसतो आणि "हं" म्हणतो. नुसत्या "हं"वर मी हातगाडीवरून दुकानात आलो.

तर परवा एक जाडजूड गृहस्थ आमच्या भारीतल्या गादीवर पडले आणि म्हणाले, "झोपच नाही हो. घराजवळून हाय टेन्शनच्या तारा गेल्यात. त्यांच्या लहरींनी डोकं धरतं, तोंडाची चव जाते, मन कशात लागत नाही." मी विचारलं, "तारांमुळेच, हे कशावरून?" ते म्हणाले, "मग दुसरं काय असणार?" आणि एकदम डोळ्यांसमोर उभी राहिली तुमची गॅलरी, आणि तिच्यासमोरचा तो मनोरा!

एवढासा जीव, आणि एवढाल्या तारा. तेव्हा घाई नको. जरा चौकशी करू.

आपला,
नातीचा इकडचा आजोबा

१७ जून

प्रिय व्याही यांस,
स. न.

आपलं पत्र वाचून आश्चर्य वाटलं. लग्न ठरवायला आपण आमच्या घरी आलात, तेव्हा याच गॅलरीत उभे राहून "काय हवा आहे!" असं दोन वेळा म्हणालात. मनोरा तेव्हाही तिथेच होता. तो काही नंतर बांधलेला नाही. आमचे चिरंजीव त्याच तारांसमोर लहानाचे मोठे झाले. ते बोलत कमी असतील, पण तो दोष तारांचा नाही, आईचा आहे. ती त्यांना बोलू देत नाही.

तरीही नातीचा प्रश्न म्हणून मी इथल्या लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंना हिला घेऊन मुद्दाम जाऊन भेटलो. त्या म्हणाल्या, "यावर जगभर पाहण्या झाल्यात. ज्या घरांच्या अगदी डोक्यावरून तारा जातात, तिथल्या मुलांमध्ये रक्ताच्या एका आजाराशी काही पाहण्यांत अंधूक संबंध दिसला. पण तारांमुळेच तो झाला असं कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. तुमच्या आणि मनोऱ्याच्या मध्ये तर अख्खं शाळेचं मैदान आहे. तेवढ्या अंतरावर तारांचं जे काही पोचतं, ते घरातल्या पंख्या-मिक्सरच्या गर्दीत ओळखूही येणार नाही. तारांना काठी लावू नका, त्यांच्याखाली बांधकाम करू नका, आणि खुशाल झोपा."

यानंतर बाईंनी आणखी एक विषय काढला. प्रस्तुत प्रकरणाशी त्याचा संबंध नसल्याने तो इथे देत नाही.

सबब, आक्षेप निकालात निघाला असं समजून दिवस कळवावा.

आपला,
नातीचा आजोबा

२५ जून

व्याहीबुवा, नमस्कार.

तुमचा तो "आणखी एक विषय" विहीणबाईंनी चिरंजिवांना सांगितला, चिरंजिवांनी लेकीला, आणि लेकीने मला. बाई म्हणाल्या, "आजोबा, तारा राहू द्या लांब. तुमच्या शर्टाच्या खिशात जे पाकीट आहे, त्याच्या धुराने बाळाला अपाय होतो, हे मात्र पुरतं सिद्ध झालेलं आहे." कोर्टात अशी अर्धी साक्ष चालते का हो? गॅलरीत हवा खायला उभे राहता असं मला वाटायचं. आता कळलं काय खाता ते.

असो. मी कुणाच्या खिशात डोकावणारा माणूस नाही.

हवेची तारीफ केली, हे कबूल. पण तेव्हा मला जावई हवा होता. गिऱ्हाईक गादी पसंत करायला येतं, तेव्हा खालच्या पलंगाला वाळवी आहे का हे वाकून कोण बघतं?

आणि चौकशी चालूच आहे. दुकानात एकाने छापील कागद आणून दिला. तारांचे परिणाम असे: झोप न लागणं, झोप फार लागणं, चिडचिड, उदासपणा, गुडघे धरणं, केस जाणं, ऐनवेळी नाव न आठवणं, आणि उगाचच आपल्याला काहीतरी होतंय असं वाटणं. विहीणबाईंना एकदा वाचून दाखवा. यातलं एकही त्यांना होत नाही असं त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, तर मी त्याच दिवशी उशीची पिशवी भरतो.

ती आता पालथी पडायला लागली आहे. पडली की मान वर करून माझ्याकडे बघते, जसं काही मी टाळ्या वाजवायला बसलोय. मी वाजवतो.

आपला,
नातीचा इकडचा आजोबा

८ जुलै

प्रिय व्याही यांस,
स. न.

आपला तो कागद हिला वाचून दाखवणं ही माझी चूक झाली. वाचेपर्यंत हिचे गुडघे हिचे होते. वाचल्यानंतर ते तारांचे झाले. त्याच रात्री हिला झोप लागली नाही. का लागली नाही म्हणून विचार करत मीही जागाच. सकाळी हिने तो कागद वरच्या मजल्यावरच्या टायपिंगच्या क्लासवाल्या बाईंना दाखवला, आणि दुपारपर्यंत आमची इमारत आजारी पडली.

अतिशयोक्ती करायची मला सवय नाही, म्हणून घडलं ते लिहितो. टायपिंगच्या बाईंची बोटं जड झाली. एका मुलाचं गणितात नापास होणं वीज कंपनीच्या नावावर गेलं. समोरच्या बिऱ्हाडातले नवरा-बायको लग्न झाल्यापासून रोज भांडत आले आहेत. आता दोघं मिळून गॅलरीतून मनोऱ्याकडे बघत दातओठ खातात. त्या घरात प्रथमच शांतता नांदते आहे. लिफ्ट वर्षभर बंद आहे, तिचं खापर सेक्रेटरींनी तारांवर फोडलं आणि लोकांनी ते मान्य केलं. तळमजल्यावरचा शिंपी तर भाड्याची जागा सोडून मशीन घेऊन गेलासुद्धा. टाके वाकडे पडतात म्हणाला. त्याचे टाके कायमच वाकडे पडत.

शेवटी सभा भरली. सेक्रेटरींनी वीज कंपनीचा इंजिनियर बोलावला होता. त्याने सगळ्यांच्या तक्रारी लिहून घेतल्या आणि मग नम्रपणे सांगितलं, की दुरुस्तीच्या कामासाठी या तारा गेले तीन आठवडे बंद आहेत. त्यांतून वीजच जात नाही. मला वाटलं, झालं, मिटलं. तेवढ्यात टायपिंगच्या बाई उठून म्हणाल्या, "बघा! बंद असताना ही दशा, मग चालू झाल्यावर आमचं काय होईल?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंजिनियरनेही वाजवल्या. त्याला लवकर घरी जायचं असावं.

मी स्वतः यातलं काहीही मानत नाही. माझा पलंग मागच्या बोळवजा खोलीत हलवला आहे, तो निव्वळ हवेसाठी.

पाळणा रिकामा दिसतो म्हणून हिने त्याच्यावर चादर टाकली आहे. चादर टाकल्यावर तो जास्तच रिकामा दिसतो. ही आता तारांना भिते, आणि तरी रोज विचारते की नात कधी येणार. दोन्हींचा मेळ कसा घालायचा ते कृपया कळवावं, कारण हा घोळ आपण घातला आहे.

आपला,
नातीचा आजोबा

१४ जुलै

व्याहीबुवा, नमस्कार.

पत्र वाचून फार वाईट वाटलं. दोनदा वाचलं.

सहज विचारतो. तुमच्या इमारतीत बिऱ्हाडं किती? पलंग बहुतेकांचे एकट्याचे की जोडीचे? सेक्रेटरी माणूस कसा आहे, बोलका आहे का? आणखी काही नाही, काळजी वाटते म्हणून.

उशी आता आवाज ओळखते. दुकानातून आलो की चपला काढण्याआधीच ओरडते. अजून महिनाभर राहू दे.

घाईत,
नातीचा इकडचा आजोबा

२ ऑगस्ट

प्रिय व्याही यांस,
स. न.

गेल्या आठवड्यात गळ्यात टाय बांधलेला एक तरुण आमच्या इमारतीत आला. सेक्रेटरी त्याच्यासोबत दारोदार हिंडत होते. त्याने वाटलेल्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: "तारांजवळ राहता? मग झोपता कशावर?" खाली 'कवच गादी'चं चित्र. गादीवर एक सुखी कुटुंब निजलेलं, आणि वरून येणारे बाण गादीला थडकून परत आभाळात चाललेले. बाण जर वरून येतात, तर खालच्या गादीला थडकण्याआधी ते त्या कुटुंबातून आरपार जातात, ही गोष्ट चित्रकाराच्या लक्षात आलेली नाही. आमच्या इमारतीच्याही आली नाही. निम्म्या घरांनी गाद्या घेतल्या.

आमच्या घरीही एक आली. मी कोर्टात होतो तेव्हा कागदाची मागची बाजू आधी बघत असे. त्या सवयीने गादी उलटी केली. कोपऱ्यावर आपल्या दुकानाचा शिक्का होता.

म्हणजे आपण आमच्याकडे आजार टपालाने पाठवलात आणि औषध माणसाबरोबर. दोन्हींच्या मध्ये "पलंग एकट्याचे की जोडीचे" असं काळजीने विचारून घेतलंत. मी चिडलो होतो, पण खरं सांगायचं तर आत कुठेतरी थक्कही झालो.

आता गादीविषयी. आत चंदेरी कागदाचा थर आहे. त्यावर कूस बदलली की चुरचुर, चरचर असा आवाज येतो, जणू कुणी अंधारात बिस्किटांचा पुडा फोडतंय. रात्री निम्मी इमारत कूस बदलते आणि सगळीकडून पुडे फुटायला लागतात. कुणालाही झोप नाही. पण तक्रार? छे! टायपिंगच्या बाई जिन्यात सगळ्यांना सांगत होत्या, "ऐकलंत ना? लहरी आपटतात आणि मागे फिरतात! इतकी वर्षं हे सगळं आपल्या अंगावर पडत होतं, आणि आपल्याला ऐकूसुद्धा येत नव्हतं!" गादी जितकी जास्त वाजते, तितकी लोकांना ती चांगली वाटते. ज्यांच्या घरी ती नाही, त्यांनाही शेजारच्या आवाजाने झोप येत नाही, म्हणून तेही घेणार आहेत.

आता माझा एकच प्रश्न. उत्तर हो किंवा नाही असं द्यावं, निबंध नको. आपली गादी लहरी अडवते की नाही?

अडवत असेल, तर आपल्याच हाताने पाळण्याच्या मापाची शिवा, नातीला तिच्यावर निजवा आणि आणून पोचवा, कारण मग आपला आक्षेपच उरत नाही. अडवत नसेल, तर माझ्या शेजाऱ्यांना काय विकलंत, ते मी पुढच्या सभेत उभा राहून सांगेन. मला आजवर सभेत बोलावं लागलेलं नाही. पण नातीसाठी बोलेन.

आपला,
नातीचा आजोबा

९ ऑगस्ट

व्याहीबुवा, नमस्कार.

दुकानात गर्दी होती, म्हणून उत्तराला उशीर झाला.

गादी अडवते. म्हणजे, अडवायला मदत करते. म्हणजे काहीतरी अडतंय असं वाटायला मदत करते, आणि झोपेच्या धंद्यात वाटणं हाच अर्धा माल असतो. मी कुणाला बोट धरून गादीवर आणलं नाही. लोक आधी घाबरून येतात, मग मी त्यांना आडवं करतो. जो नुसतं "तुम्हांला काही झालेलं नाही" म्हणतो, त्याच्या दुकानात कोण जातं? तुमच्या डॉक्टरीणबाईंनी "खुशाल झोपा" सांगितलं. झोपलात का? पलंग हलवलात. हवेसाठी.

पाळण्याच्या मापाची शिवता येईल. पण चंदेरी कागदावर इतक्या लहान बाळाला निजवायचं म्हणजे, आवाजाने दचकेल हो. शिवाय उशीला सर्दी आहे. शिवाय दात येणार आहेत, आणि प्रवासात दात नीट येत नाहीत असं एक गिऱ्हाईक म्हणत होतं. शिवाय इथला दवाखाना दारासमोर आहे. शिवाय माझ्या हातून वरणासारखी पातळ खिमट खायची सवय तिला नुकतीच लागते आहे.

सभेत काय बोलायचं ते बोला. मी तुमच्यावर रुसवा धरणार नाही.

आपला,
नातीचा इकडचा आजोबा

ता. क. अण्णा, पुढचं मी लिहितेय. बाबांची पत्रं टपालात मीच टाकते, म्हणून पाकीट चिकटवण्याआधी हे घुसवलंय. त्यांना माहीत नाही.

उशीला सर्दी नाही. दातांचाही पत्ता नाही. आई गेल्यापासून बाबा घरी झोपतच नव्हते. दुकानात दाखवायला मांडलेल्या गाद्यांपैकी एकीवर रात्री पडायचे, रोज वेगळ्या. मला म्हणायचे, माल तपासतोय. घरी यायचे ते आंघोळीपुरते. आता दिवे लागले की घरी. बाळ झोपलं तरी पाळण्याशेजारी खुर्ची टाकून बसतात आणि मधूनमधून "हं" म्हणतात, जसं काही ती त्यांना सांगतेय.

मी निघायचा विषय काढला की दुसऱ्या दिवशी तारांवरचं नवीन कात्रण आणतात. त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकूनच विजेचा डीपी आहे, त्याच्याखाली बसून ते पेपर वाचतात. "बाबा, तुम्हांला एकटं राहायची भीती वाटते का?" असं मी त्यांना विचारू शकत नाही, आणि ते सांगणार नाहीत. तुमच्या लेकाला विचारलं. तो म्हणाला, "तुझं बरोबर आहे." बाबांनाही तेच म्हणाला.

अण्णा, मलाही घरी यायचंय. आईंना म्हणावं, पाळण्यावरची चादर काढून ठेवा. पण मी त्या दारातून पिशवी घेऊन निघाले, की बाबा परत दुकानात जाऊन झोपणार. काय करू सांगा.

१३ ऑगस्ट

प्रिय व्याही यांस,
सप्रेम नमस्कार.

आपलं पत्र पोचलं. सगळं वाचलं.

सभा झाली. मी बोलायला उभा राहिलो, पण आपल्याला लिहिलं होतं ते बोललो नाही. एवढंच म्हणालो, की गाद्यांच्या आवाजाने कुणाला झोप नाही, तेव्हा ज्या दुकानाने विकल्या त्याने इथे येऊन प्रत्येकीतला कागद काढून द्यावा. टायपिंगच्या बाईंनी विरोध केला. पण समोरच्या बिऱ्हाडातल्या नवऱ्याने जांभई देत हात वर केला, मग त्याच्या बायकोनेही केला, आणि बघता बघता निम्म्या सभेने जांभया देत हात वर केले. ठराव मंजूर.

आता अडचण अशी, की हे काम एका दिवसाचं नाही. गाद्या उसवायच्या, कागद काढायचा, कापूस सारखा करायचा, परत टाके घालायचे. टायवाल्या तरुणाला सुई धरता येत नाही, हे मी त्याच्या बोटांवरून ओळखलं. हातगाडीपासून सुरुवात केलेला माणूसच लागेल. त्याला इथे राहावं लागेल.

शिंपी सोडून गेला ती तळमजल्यावरची जागा रिकामी आहे. आमच्या बरोबर खाली. तारांच्या भीतीने ती कुणी घ्यायला तयार नाही, म्हणून मालकाने भाडं निम्म्यावर आणलं आहे. ही भीती कुणामुळे पसरली त्यात मी शिरत नाही. पण जागा स्वस्त होण्याचा फायदा त्यालाच मिळावा, हे न्यायाला धरून होईल.

शिवाय तारांविषयी आपल्या मनात जो संशय आहे, तो लांब बसून फिटायचा नाही. आपण काही महिने प्रत्यक्ष इथे राहून, रोज सकाळ-संध्याकाळ नातीला मांडीवर घेऊन पाहणी करावी, अशी सभेची इच्छा आहे. सभा म्हणजे मी आणि ही. काही महिन्यांत निष्कर्ष निघाला नाही, तर मुदत वाढवून देता येईल. माझ्या अनुभवात असे निष्कर्ष लवकर निघत नाहीत.

आणि आपण इकडे आल्यावर सूनबाई आणि बाळाकडे तिथे कोण बघणार? तेव्हा त्यांना नाइलाजाने सोबत आणावं लागेल.

आपल्या एका प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. पलंग मी हवेसाठी हलवला नव्हता. डॉक्टरीणबाईंचं सगळं पटलं होतं, आणि तरी हलवला. आता परत होता तिथे ठेवला आहे. आणि खिशातलं ते पाकीट मी जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी डब्यात वाकून बघत होतो, तेव्हा हिने पकडलं. त्यानंतर नाही. हे शपथेवर.

हिने पाळण्यावरची चादर काढून धुवायला टाकली आहे.

आपला,
उशीचा आजोबा

२० ऑगस्ट

व्याहीबुवा, नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं. मग दिवा जवळ घेऊन पुन्हा वाचलं. आमच्या धंद्यात माणूस काय बोलला यापेक्षा काय बोलता बोलता थांबला, ते ऐकायची सवय लागते. एवढं लांबलचक पत्र, आणि माझी सर्दी, माझे दात, माझी खिमट, यांतल्या एकावरही उलटतपासणी नाही! तेव्हाच समजलो, की माझ्या पाकिटातून तुम्हांला माझ्या पत्रापेक्षा जास्त काहीतरी मिळालं. लेकीकडे पाहिलं. ती दुपट्यांच्या घड्या घालत होती. झालेल्या घड्या मोडून परत घालत होती. मग मी चहा टाकला, तो दोघांनी बराच वेळ घेतला.

पाहणीला येतो. दुकान मॅनेजर बघेल. मी तिथे नसलो की त्याची विक्री वाढते, कारण मी गिऱ्हाइकांना बोलत बसवतो. महिन्यातून दोनदा चक्कर टाकीन. सुया, दाभण, मेणाचा दोरा, सगळं बांधलं. गाद्यांतला कागद फुकट काढून देईन आणि त्याचे पैसेही परत करीन. मात्र टायपिंगच्या बाईंच्या गादीतला राहू द्यावा म्हणतो. इतकं समाधानी गिऱ्हाईक मला उभ्या धंद्यात दुसरं मिळालेलं नाही.

डीपीखाली बसून पेपर वाचतो, हेही तुम्हांला एव्हाना कळलंच असेल. वाचतो. सवयीची खुर्ची आहे.

जागेच्या मालकाला हो म्हणून टाका. भाडं निम्म्यावर आहे म्हणता, आणखी थोडं उतरतं का बघा. म्हणावं, भाडेकरूला तारांची फार भीती वाटते. आणि त्यातली मागची खोली मला नको, समोरची ठेवा, मनोऱ्याकडची. हवा त्या बाजूला आहे. मी तेव्हाही खोटं बोललो नव्हतो.

एक सांगून ठेवतो. सकाळी तिला गॅलरीत मी घेणार. तुमच्या बोटांचा वास जाईपर्यंत तुम्ही संध्याकाळी घ्यायचं. भांडण नको म्हणून आधीच लिहिलं.

रविवारी पोचतो. चिरंजिवांना सामान उचलायला स्टँडवर उभं करा. ते "छान आहे" म्हणतील, पण म्हणू द्यात.

विहीणबाईंना सांगून माझ्या पलंगावर साधी कापसाची गादी घालून ठेवा. चंदेरी नको. तिच्यावर जरा कूस बदलली की कानात नुसती चुरचुर, आणि रात्री वर उशी रडली, तर मला खाली ऐकू यायला हवी.

तुमचा,
उशीचा दुसरा आजोबा